ब्रॅडफर्डच्या कॉलेजचा जन्म नक्की कधीचा? १८३२, १८८२ की १९५७?

मीरा_ब्रॅडफर्ड

नमस्कार मंडळी,

दोन वर्षं झाली, मी इंग्लंडातल्या ब्रॅडफर्ड कॉलेजात संध्याकाळचा अकाउंटिंगचा कोर्स करते आहे. दिवसभर नोकरी, मंगळवारी आणि गुरुवारी कॉलेज. बसमधून उतरलं की ग्रेट हॉर्टन रोडवरची ती जुनी दगडी इमारत समोर दिसते. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी या कॉलेजच्या इतिहासावर लेख देते असं मी उत्साहाच्या भरात कबूल करून बसले आणि आता अडकले आहे.

पहिली अडचण सालांची. कुठे १८३२ सापडतं, कुठे १८८२, कुठे १९५७. त्यातून शेजारच्या विद्यापीठाचा इतिहास उघडला तर तिथेही हीच सालं! दोन वेगळ्या संस्था आणि दोघींचे आजोबा एकच, हे कसं?

दुसरी अडचण शब्दाची. 'फर्दर एज्युकेशन'ला, म्हणजे शाळा संपल्यावरच्या पण विद्यापीठाबाहेरच्या शिक्षणाला, मराठीत काय म्हणू? 'उच्च शिक्षण' म्हटलं तर सरळ चूक. 'व्यवसाय शिक्षण' म्हटलं तर माझ्या शेजारच्या वर्गात इंग्रजी शिकायला येणाऱ्या आजी त्यात कुठे बसतात? सोळाव्या वर्षी शाळा संपवून आलेली मुलं आहेत, गवंडीकाम शिकणारे आहेत, चाळिशीत नर्सिंगची तयारी करणाऱ्या बायका आहेत.

आणि तिसरं, मला नुसत्या इमारती आणि कायदे लिहायचे नाहीत. इथे येऊन गेलेली माणसं हवी आहेत. ती कुठे शोधू?

कागद_आणि_शाई

मीरा, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला थोडक्यात उत्तर देतो.

वेस्ट यॉर्कशायर आर्काइव्ह सर्व्हिसची ब्रॅडफर्ड शाखा मार्गारेट मॅकमिलन टॉवरमध्ये आहे. आधी वेळ ठरवून जा आणि मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट, टेक्निकल कॉलेज आणि नगरपालिकेची शिक्षण समिती अशा तीन वेगळ्या नावांनी कागद मागा. एकाच नावाने मागितलेत तर निम्मं हाती लागणार नाही. 'ब्रॅडफर्ड ऑब्झर्व्हर' हे वर्तमानपत्र १८३४ पासूनचं. तुम्ही म्हणता त्या दगडी इमारतीचं उद्घाटन २३ जून १८८२ ला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते झालं, तेव्हा त्या आठवड्याचे अंक आधी चाळा. परीक्षांचे निकाल आणि बक्षीस समारंभही छापून येत. त्यात विद्यार्थ्यांची नावं मिळतात.

शब्दासाठी मी 'शाळेपुढचं शिक्षण' वापरतो. थोडं ओबडधोबड आहे, पण खोटं नाही.

रंगखातं

मीराताई, तुमचा प्रश्न वाचला आणि रात्री झोप लागेना, म्हणून सविस्तर लिहितो. मी १९६७ साली इचलकरंजीहून ब्रॅडफर्डला आलो. वडील आधीच इथल्या लोकरीच्या गिरणीत होते. मी पंधरा वर्षांचा. तेव्हा इथे शाळा सोडायचं वयही पंधराच होतं, ते सोळा झालं १९७२ला. त्यामुळे मी शाळेची पायरी न चढता सरळ गिरणीत गेलो आणि माझं सगळं शिक्षण या कॉलेजात, तेही संध्याकाळी झालं. पुढे मी स्वतः जवळच्या एका गावातल्या कॉलेजात रंगाई शिकवली. म्हणून हा विषय माझ्या घरचाच आहे असं समजा.

आधी सालांचा गुंता सोडवू. तिन्ही सालं खरी आहेत.

१८३२ मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटचं. मेकॅनिक म्हणजे त्या काळी हाताने काम करणारा कारागीर. जॉर्ज बर्कबेक नावाच्या डॉक्टराने १८०० साली ग्लासगोमध्ये कारागिरांसाठी फुकट व्याख्यानं सुरू केली, १८२३ला लंडनमध्ये संस्था निघाली आणि मग गिरण्यांच्या गावागावांत लाट पसरली. शतकाच्या मध्यावर एकट्या इंग्लंडात अशा सहाशेच्या वर संस्था होत्या. ब्रॅडफर्ड तर नुसतं फुगत होतं: १८०१ मध्ये तेरा हजारांच्या आसपास वस्ती, १८५१ मध्ये एक लाखाच्या पुढे. अशा गावात एक वाचनालय, एक व्याख्यानाचा हॉल आणि काही वर्ग, एवढ्यावर काम सुरू झालं.

पण ज्याच्यासाठी संस्था काढली तो कारागीर फारसा आलाच नाही. आले ते कारकून आणि दुकानदार. यात त्या मजुराचा दोष नाही. बारा तास साच्यावर उभा राहिलेला माणूस रात्री रसायनशास्त्र काय ऐकणार? बायका आणि मुलांच्या कामाला दहा तासांची मर्यादा यायलाही १८४७ उजाडलं. शिवाय अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सर्वांसाठी प्राथमिक शाळांचा कायदा आला तो १८७० मध्ये, आणि तो आणणारा डब्ल्यू. ई. फॉर्स्टर हा ब्रॅडफर्डचाच खासदार. आधी कळस आणि मागाहून पाया असा प्रकार झाला. हे लेखात जरूर लिहा, कारण पुढे शंभर वर्षं या कॉलेजांना राहून गेलेला पाया भरण्याचंच काम पडलं.

आता १८८२. ते 'टेक्निकल स्कूल'चं साल, आणि त्यामागे भीती होती. १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनात ब्रिटनने बाजी मारली होती, पण १८६७च्या पॅरिसच्या प्रदर्शनात परदेशी माल पुढे गेलेला दिसला. रंगांचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं. पहिला गाजलेला कृत्रिम रंग, जांभळा मॉव्ह, विल्यम पर्किनने १८५६ मध्ये लंडनमध्ये काढला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. पण पुढच्या पंचवीस वर्षांत हा सगळा धंदा जर्मनांच्या हातात गेला, कारण त्यांच्याकडे शिकलेले केमिस्ट होते. लोकर ब्रॅडफर्डची, माग ब्रॅडफर्डचे आणि रंगाचा डबा जर्मन! इथले व्यापारी आणि गिरणीमालक त्याने हादरले. विणकाम, रंगाई आणि रसायन, इंजिनिअरिंग, कला असे विभाग घेऊन शाळा उभी राहिली. दोनच वर्षांनी, १८८४ मध्ये, रंगारी आणि केमिस्ट लोकांची 'सोसायटी ऑफ डायर्स अँड कलरिस्ट्स' ब्रॅडफर्डमध्येच निघाली. हा योगायोग समजू नका. शाळा आणि सोसायटी एकाच चिंतेतून निघाल्या.

पैसा कुठून आला हेही वाचकांना आवडेल. १८८९च्या कायद्याने स्थानिक मंडळांना तांत्रिक शिक्षणासाठी पौंडामागे एक पेनी कर लावायची मुभा दिली. पुढच्या वर्षी सरकारने दारूवरचा कर वाढवला. त्यातून परवाना गमावणाऱ्या गुत्तेवाल्यांना भरपाई द्यायचा बेत होता. दारूबंदीवाल्यांनी इतका गहजब केला की भरपाई बारगळली आणि तो पैसा तांत्रिक शिक्षणाकडे वळला. लोक त्याला 'व्हिस्की मनी' म्हणत. देशभरातल्या कितीतरी प्रयोगशाळा त्या पैशावर उभ्या राहिल्या. शतक संपता संपता ब्रॅडफर्डची शाळा नगरपालिकेच्या ताब्यात आली.

आणि १९५७. इथे तुमच्या 'एकच आजोबा' प्रश्नाचं उत्तर आहे. १९५६ मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढून ठरवलं की काही निवडक कॉलेजांना वरच्या दर्जाचं तंत्रज्ञान शिकवू द्यायचं. ब्रॅडफर्डच्या कॉलेजमधले पदवीच्या तोडीचे अभ्यासक्रम वेगळे काढले आणि १९५७ मध्ये 'ब्रॅडफर्ड इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी' झाली. तिला १९६६ मध्ये सनद मिळून ती विद्यापीठ झाली. पहिले कुलपती हॅरल्ड विल्सन, म्हणजे त्या वेळचे पंतप्रधान. तिकडे खाली रात्रीचे वर्ग, शिकाऊ मुलं, सिटी अँड गिल्ड्स या संस्थेच्या कारागिरीच्या परीक्षा हे सगळं कॉलेजकडे राहिलं. घर एकच होतं, वरचा मजला वेगळा झाला आणि जाताना घराण्याचं नावही घेऊन गेला. त्यामुळे १८३२ दोघांचंही आहे.

माझ्या मते या कॉलेजांच्या इतिहासातली मुख्य गोष्ट हीच आहे, आणि ती फक्त ब्रॅडफर्डची नाही. जे शिक्षण मोठं झालं त्याला वर नेलं, त्याचं नाव बदललं, त्याला गाऊन चढवला. जे राहिलं त्याला इतिहासच उरला नाही. विद्यापीठाला इतिहासकार मिळतात. कॉलेजची मात्र नावं बदलतात, विलीनीकरण होतं, आणि दर वेळी कपाटं रिकामी होतात. नाव घेत नाही, पण एका कॉलेजची इमारत सोडताना १९३० पासूनची हजेरीपुस्तकं बाहेरच्या कचऱ्याच्या लोखंडी पेटीत पडलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. वरून पाऊस पडत होता. दोन पुस्तकं काढून कोटाखाली घेतली, बाकीची भिजून गेली. त्या दोन पुस्तकांत पंचावन्न मुलांची नावं आहेत, बरीचशी शिकाऊ फिटर आणि कांतणारी. आजही ते आठवलं की पोटात तुटतं.

माझ्या वर्गाबद्दल सांगतो, तुम्हाला माणसं हवी आहेत ना. १९७० मध्ये अठरा पूर्ण होताच मला रात्रपाळी लागली. लोकर विंचरायच्या खात्यात रात्रपाळीला जवळजवळ सगळे आपल्याकडचेच: मीरपुरी, पंजाबी, गुजराती, आम्ही दोघे मराठी. पुढे मी रंगखात्यात गेलो. १९६४च्या कायद्याने उद्योगवार प्रशिक्षण मंडळं झाली होती, लोकर उद्योगाचंही होतं. कारखान्यांनी वर्गणी भरायची आणि जो कारखाना कामगार शिकवेल त्याला अनुदान मिळायचं. त्यामुळे शिकाऊ पोरांना आठवड्यातला एक दिवस पगारी सुट्टी देऊन कॉलेजात पाठवत. त्याला 'डे रिलीज' म्हणत. मीही मागितली. आमच्या खात्याचा साहेब म्हणाला, रात्रपाळीवाल्याला दिवसाची सुट्टी कसली द्यायची? त्याच्या दृष्टीने विषय संपला. मग मी साडेसहा ते नऊ वर्गात बसायचो आणि दहाला पाळीवर जायचो. डबा वर्गाबाहेरच्या जिन्यावर खायचो.

आमच्या प्रात्यक्षिकाची वही अजून माझ्याकडे आहे. दर प्रयोगाला पाच ग्रॅम लोकरीची लडी. रंग लोकरीच्या वजनाच्या दोन टक्के, ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) दहा टक्के, गंधकाम्ल चार टक्के. लडी चाळीस अंशांवर पाण्यात सोडायची, पाऊण तासात हळूहळू उकळीला आणायची, मग पाऊण तास उकळत ठेवायची. घाई केली की रंग एकसारखा चढत नाही, लडीच्या टोकाला गडद आणि मध्ये फिकट दिसते. वाळल्यावर तिचा एक झुपका कापून वहीत डिंकाने चिकटवायचा आणि शेजारी आकडे लिहायचे. एका पानावर माझा लाल रंग चट्ट्याचट्ट्यांचा आला आहे. त्याखाली सरांनी लाल शाईने लिहिलंय, 'किती वाजता उकळी आली?' बाकी काही नाही. मी खोटी वेळ लिहिली होती हे त्यांनी लोकर बघून ओळखलं. पन्नासहून जास्त वर्षं झाली, ते झुपके फिकेही पडलेले नाहीत.

आणि एक, कला विभागाला विसरू नका. डेव्हिड हॉकनी १९५३ ते १९५७ इथल्याच कला महाविद्यालयात शिकला, हे साऱ्या गावाला माहीत आहे. पण त्याच गावात रात्री आमच्यासारखे रंगारी शिकत होते, हे कुणी फारसं सांगत नाही.

मीरा_ब्रॅडफर्ड

काका, काय लिहिलंत! मी हे दोनदा वाचलं आणि मग नवऱ्याला वाचून दाखवलं. वरचा मजला जाताना घराण्याचं नाव घेऊन गेला, हे मला तसंच्या तसं घ्यायचं आहे, तुमच्या नावानिशी, तुमची हरकत नसेल तर.

दोन शंका. त्या सुरुवातीच्या काळात बायका कुठे होत्या? आणि १९९३ बद्दल सगळे जुने शिक्षक सुस्कारा का सोडतात?

नीलम_शिपली

मीरा, बायकांबद्दल मी सांगते, मला यात रस आहे.

मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये बायकांना बहुतेक ठिकाणी दुय्यमच जागा होती. म्हणून वेगळ्या संस्था निघाल्या. हडर्सफील्डला १८४६ मध्ये, ब्रॅडफर्डला १८५७ मध्ये 'फीमेल एज्युकेशनल इन्स्टिट्यूट'. गिरणीतल्या पोरी दिवसभर काम करून संध्याकाळी यायच्या आणि वाचन, लेखन, हिशेब, शिवण शिकायच्या. त्या काळच्या पुरुषांच्या वर्गाशी तुलना केली तर ज्ञान फार मोजून-मापून दिलं जात होतं. तरी त्या येत होत्या.

माझं स्वतःचं सांगायचं तर मी २००५ मध्ये इथे आले तेव्हा मला दुकानात दूध मागायची भीती वाटायची. कॉलेजातल्या इंग्रजीच्या वर्गाने मला उभं केलं. वर्ग तेव्हा फुकट होता. २००७ मध्ये तो सरसकट फुकट राहिला नाही आणि माझ्याबरोबरच्या दोघी यायच्या थांबल्या. एकीचा नवरा फी भरायला तयार नव्हता. पुढे मी आरोग्य क्षेत्रातला 'ॲक्सेस' कोर्स, म्हणजे मोठ्या वयात पदवीला जायची तयारी करून घेणारा कोर्स केला, आज रुग्णालयात नोकरी करते. माझ्या मोठ्या मुलाला कॉलेजला जाण्यासाठी आठवड्याला तीस पौंडांचा भत्ता मिळत होता, धाकट्याच्या वेळेपर्यंत इंग्लंडात तो बंद झाला होता. एकाच घरातली दोन मुलं, पण दोघांच्या वाट्याला वेगवेगळं सरकार आलं. हेही तुमच्या लेखात येऊ द्या.

रंगखातं

नीलमताई, १८५७चं मी विसरलो होतो, बरं झालं सांगितलंत. आमच्या रंगाईच्या वर्गात चार वर्षांत एकच मुलगी होती. तिच्या झुपक्यांवर रंग नेहमी सगळ्यात एकसारखा चढलेला असायचा.

मीराताई, नाव खुशाल घ्या. आता १९९३.

१९४४च्या कायद्यापासून शाळेपुढचं शिक्षण पुरवणं ही नगरपालिकांची जबाबदारी होती. त्याच कायद्यात 'काउंटी कॉलेज'चंही स्वप्न होतं. शाळा सोडलेल्या प्रत्येक मुलाला अठरा वर्षांचा होईपर्यंत आठवड्यातला काही वेळ शिकवायचं होतं. ते कधी उभंच राहिलं नाही. राहिलं असतं तर मला साहेबापुढे हात पसरावे लागले नसते. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, पण कायद्याच्या पुस्तकात माझा हक्क छापून ठेवला होता आणि तो कुणी मला दिला नाही, हे मला फार उशिरा कळलं.

१९९२च्या कायद्याने कॉलेजं नगरपालिकेपासून तोडली. १ एप्रिल १९९३ पासून प्रत्येक कॉलेज स्वतंत्र महामंडळ झालं: स्वतःची इमारत, स्वतःचं कर्ज, स्वतःची नोकरभरती. पैसा केंद्रातून, विद्यार्थ्यांच्या संख्येवर आणि निकालावर मोजून मिळू लागला. शिक्षकांच्या सेवाशर्तींचं एक जुनं पुस्तक होतं, त्याला 'सिल्व्हर बुक' म्हणत. ते बाजूला सारून नवे करार पुढे केले गेले आणि देशभर संप झाले. शिक्षक सुस्कारा सोडतात तो त्याचा. मी तेव्हा आठवड्याला सहा तासांचा शिक्षक होतो. माझ्यापुढे नवा कागद आला, मी सही केली, कारण नाही म्हटलं असतं तर वर्ग बंद झाला असता. तो तसाही १९९७ मध्ये बंदच झाला. रंगखातीच उरली नव्हती, तर रंगारी कुठून येणार? शेवटच्या वर्षी माझ्याकडे पाच विद्यार्थी होते आणि त्यातले तिघे गालिच्याच्या एकाच कारखान्यातले.

एक गंमत बघा. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये सांख्यिकी कार्यालयाने इंग्लंडातली ही सगळी कॉलेजं पुन्हा सार्वजनिक क्षेत्रात धरली. बाहेर राहून घरी आली म्हणायची. त्याचा परिणाम मुख्यतः कर्ज काढण्याच्या नियमांवर झाला. वर्गातल्या मुलाला काही फरक जाणवला नसावा.

लेखासाठी एक सुचवतो. इमारतीच्या फोटोऐवजी तुमच्याच वर्गातल्या लोकांना विचारा, की दिवसभर काम करून ते इथे का येतात आणि येताना काय खातात. ते आत्ता लिहून ठेवलं नाही तर तेही एका पेटीत जाईल.

मीरा_ब्रॅडफर्ड

विचारते काका, या गुरुवारीच. आणि तुमची वही बघायला मिळेल का? अंकात दोन पानं छापायला आवडतील. मी स्कॅनर घेऊन तुमच्याकडे येते.

रंगखातं

या ना. रविवारी दुपारी या, जेवूनच जा. फक्त स्कॅनर आणू नका. त्याचं झाकण दाबलं की लोकर चपटी होते आणि डिंक आता सुटायला आला आहे. खिडकीशी वही उघडी ठेवू आणि वरून फोटो काढू. ढगाळ दिवस असला तर उत्तम, रंग खरे येतात. उजेड कमी वाटला तरी दिवा लावायचा नाही. पिवळ्या दिव्याखाली निळा बघायचा नाही, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.